शाळेचं संगीत नाटक बघायला जाताय? पत्रिका हातात आल्यापासून ड्रेस परत करेपर्यंत

डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या मैदानावर मंडप उभे राहिले की मी दरवर्षी एक संध्याकाळ गेटवर आणि उरलेली विंगेत काढते. पालक-मदतनीस म्हणून. पिना लावणं, मिशा रंगवणं, रडणाऱ्यांना पाणी पाजणं ही कामं माझी. त्याच त्या चुका दरवर्षी बघून हे लिहायला बसले.

निम्म्या चुकांचं मूळ एकच आहे. लोक संगीत नाटकाला गॅदरिंग समजून येतात. गॅदरिंगमध्ये वीस-पंचवीस डान्स असतात. आपल्या पोराचा नंबर आला की बघायचं, एरवी बाहेर जाऊन चहा मारायचा, कोणी काही म्हणत नाही. संगीत नाटकात गोष्ट एकच असते आणि ती दीड-दोन तास सलग चालते. तुमचा मुलगा पहिल्या प्रवेशात झाड असेल, तिसऱ्यात बाजारातला माणूस, आणि शेवटच्या गाण्यात कोरसच्या दुसऱ्या रांगेत. ‘त्याचं झालं, चला’ असं म्हणायची सोयच नाही.

1. पत्रिका नीट वाचा, आणि दोन्ही वेळा वाचा

पत्रिकेवर किंवा शाळेच्या ग्रुपवर आलेल्या सूचनेत दोन वेळा असतात: मुलांच्या हजेरीची आणि कार्यक्रमाची. घरात लक्षात राहते ती दुसरी.

हजेरी एवढी लवकर कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. हिशेब करा. साठ मुलं, दोन रंगभूषाकार, एका चेहऱ्याला चार मिनिटं. म्हणजे नुसत्या रंगरंगोटीला दोन तास गेले. मग ड्रेस, मग पिना, मग माईक. सहाच्या नाटकाला तुम्ही मुलाला साडेपाचला आणलंत तर तो बिनमेकअपचा स्टेजवर जाईल, किंवा त्याच्यासाठी सगळे थांबतील.

आपल्याकडे लग्नपत्रिकेतली वेळ होते तेव्हा नवरदेव अजून मारुतीच्या पारावर असतो, ती सवय इथे उपयोगाची नाही. मैदानातल्या कार्यक्रमाला वरून एक मर्यादा आहे: उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवावा लागतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच तसं आहे. बारापर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्या सणासुदीच्या दिवसांपुरती असते. त्यामुळे सुरुवातीला तासभर उशीर झाला आणि पाहुण्यांची भाषणं लांबली, की कात्री नाटकाच्या शेवटालाच लागते. आणि शेवटच्या गाण्यात सगळ्यात लहान मुलं असतात.

जागा कुठली तेही बघा. जळगावात संभाजीराजे नाट्यगृहात असेल तर डोक्यावर छत आहे, बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात असेल तर वर आभाळ. गावच्या शाळेत बहुधा मैदानच. आपल्याकडच्या जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, हे दुपारच्या उन्हात आठवत नाही.

पासाचा प्रश्न आजच सोडवा. घरटी दोन पास असतील तर मामा, मावशी, आत्या आणि शेजारच्या काकूंना ‘या हो नक्की’ म्हणायच्या आधी शाळेत विचारा. गेटवरच्या शिपायाशी वाद घालून पाचवा माणूस आत गेला, तर कोणाचा तरी आजोबा उभा राहतो.

*तपासून घ्या:* हजेरीची वेळ, कार्यक्रमाची वेळ, ठिकाण, पास, परतीची सोय. बाहेरगावचे असाल तर रात्री काळी-पिवळीच्या भरवशावर राहू नका. शेवटची एसटी कितीला सुटते ते डेपोत विचारा, किंवा चार घरं मिळून गाडी ठरवा.

2. आठ दिवस आधी: गोष्ट ऐका, गाणं शिकवू नका

मुलाला सांगा, ‘तुझं वाक्य नको, अख्खी गोष्ट सांग.’ त्याला सांगता आली तर तुम्हालाही नाटक कळेल. तीच गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी सांगून ठेवा. साऊंडच्या गोंगाटात त्यांना निम्मे संवाद ऐकू येत नाहीत. गोष्ट माहीत असली की ते चेहऱ्यावरून ओळखत बसतात, आणि ‘हा कोण? तो काय म्हणाला?’ हे बंद होतं.

दुसरं विचारायचं ते हे: तू कोणत्या बाजूने येतोस? आमच्या डावीकडून की उजवीकडून? दाढी-मिशा आणि फेटा चढवल्यावर पंधरा सैनिकांत आपला कोणता ते आईलासुद्धा ओळखू येत नाही. बाजू आणि रांगेतला नंबर माहीत असला की डोळे नेमके तिथे जातात.

आता सगळ्यात मोठी चूक. मुलगी घरी गाणं गुणगुणते आणि घरातलं कोणीतरी सुरेल माणूस तिला सुधारायला बसतं. सरांनी गाणं पेटीच्या काळी पाच पट्टीत बसवलेलं असतं, तुम्ही मोबाईलवर लावलेलं पांढरी चारमध्ये, म्हणजे वेगळ्याच पट्टीत असतं. शाळेच्या ट्रॅकवर आठ मात्रा मोजून तिसऱ्या आवर्तनाला उचलायचं असतं, मोबाईलवरच्या गाण्यात सुरुवातीची पेटी दुप्पट लांब. दोन दिवसांत मुलगी गोंधळते आणि तालमीला रडते. सराव घ्यायचाच असेल तर शाळेकडून तोच ट्रॅक मागून घ्या. नसेल तर फक्त ऐका. हावभावांचंही तेच. ‘हात असा वर कर’ हे सरांचं काम.

ड्रेस भाड्याचा असेल तर घरी आल्या आल्या घालून बघा, पण आरशासमोर उभं करून नव्हे. मांडी घालून बसायला लावा, दोन्ही हात वर करायला लावा, दोन पायऱ्या चढायला लावा. झब्बा काखेत फाटतो तो हात वर केल्यावर. धोतराची नाडी सुटते ती पायरीवर. आधीच तुटलेले हूक आणि निघालेली जरतार दिसली तर लगेच फोटो काढून दुकानदाराला पाठवा. ड्रेस परत करताना कोणाचं नुकसान कोणाच्या माथी येतं, हे तेव्हा ठरतं.

जाता जाता एक. नाटकात बोलीतलं गाणं असलं की निवेदक सरसकट ‘आता ऐकू या अहिराणी गीत’ म्हणून मोकळा होतो. गाणं लेवा बोलीतलं निघतं आणि रावेर-यावलकडची माणसं खुर्चीत चुळबुळायला लागतात. तुमच्या घरात निवेदन करणारी कन्या असेल तर एवढं तिला सांगून ठेवा. बाकी तिचं ती बघेल.

3. आदल्या रात्री: पिशवी

ही पिशवी त्याच दिवशी दुपारी भरायला घेतली की काहीतरी राहतंच. आदल्या रात्री जेवणं झाली की भरा.

पिना आधी. डझनभर सेफ्टी पिना, मोठ्या आणि मधल्या. काळ्या हेअरपिनांचं पाकीट. पटका किंवा मुकुट नुसता डोक्यावर ठेवला तर पहिल्याच गिरकीत डोळ्यांवर येतो. तो दोन्ही कानांमागे केसांना पिनने धरावा लागतो. केस बारीक कापलेल्या मुलाला आतून काळी पट्टी बांधून तिला पिन लावतात, म्हणून एक काळी रिबीनही टाका. खोबरेल तेलाची छोटी बाटली आणि जुन्या सुती साडीचे दोन तुकडे, मेकअप काढायला. पाण्याची बाटली, झाकण घट्ट बसणारी.

स्वेटर पुढून चेनचा किंवा बटणांचा. डोक्यातून घालायचा स्वेटर नको. एका पौर्णिमेच्या चंद्राचा अर्धा चेहरा मी अशाच एका स्वेटरच्या आत उमटलेला पाहिला आहे. आणि तो प्रवेशाला पाचच मिनिटं राहिलेली असताना.

प्रत्येक वस्तूवर नाव आणि वर्ग. चपलांवरसुद्धा. विंगेमागे साठ जोड एका ढिगात असतात.

*इशारा:* खरं सोनं घालून पाठवू नका. ‘राणी आहे ना ती’ म्हणून आजी कौतुकाने आपली पोत काढून देते. मेकअपच्या खोलीत ती हरवली तर ना शिक्षक शोधू शकत, ना कोणावर बोट दाखवता येत. राणीला खोटे दागिनेच द्या. स्टेजच्या उजेडात तेच जास्त चमकतात.

4. त्या दिवशी

दुपारी झोप. आरडाओरड नाही. घशाला आवाज टिकवायला दिवसभर थोडं थोडं पाणी लागतं; ऐन वेळी दिलेल्या लवंग-खडीसाखरेने बसलेला आवाज उघडत नाही. जेवण हजेरीच्या दीड-दोन तास आधी, साधं: खिचडी, वरण-भात, भाजी-पोळी. हिवाळा म्हणजे भरिताचे दिवस आणि घरी पाहुणे आलेले, त्यामुळे शेवभाजीचा रस्साही चुलीवर असतो. तो मुलासाठी रात्री ठेवा. तिखट तर्री खाऊन गेलेलं पोर स्टेजवर खोकतं आणि ते माईकवर ऐकू येतं.

5. मुलाला सोडा आणि मागे फिरा

क्रम असा ठेवा. आधी लघवीला नेऊन आणा, मग ड्रेस, मग मेकअप. उलटं केलंत तर नऊवारी नेसवलेल्या मुलीला पिना सोडून पुन्हा बांधावं लागतं. एका मुलीला दहा मिनिटं जातात, आणि एकीला लागली की पाच जणींना लागते.

हजेरी घेणाऱ्या बाईंच्या हातात मूल द्या, नाव लिहिल्याचं बघा, कोणी घ्यायला येणार ते सांगा आणि बाहेर पडा. ‘मी फक्त पाच मिनिटं थांबते’ म्हणणाऱ्या वीस आया म्हणजे वीस माणसांची गर्दी. शिवाय आई समोर दिसली की धीट मुलंसुद्धा रडायला लागतात. आई गेली की दोन मिनिटांत एकमेकांच्या मिशा बघून हसत असतात.

*इशारा:* कॉलर माईक लावलेल्या मुलाशी बोलू नका. मागे एकदा एक माऊली मागच्या कनातीतून विंगेत शिरली आणि प्रधानाच्या कानाशी वाकून म्हणाली, ‘बाळा, शू तर नाही ना लागली?’ माईक चालू होता. अख्ख्या मंडपाने ऐकलं. प्रधानाने पुढचा प्रवेश मान खाली घालूनच केला.

6. जागा धरणं

अर्धा तास आधी या. पुढचे सोफे पाहुण्यांचे, त्यांच्याकडे बघूच नका. त्यामागच्या पहिल्या दोन रांगांसाठी धावपळ होते, पण स्टेज चार फूट उंच असेल तर तिथून मुलांचे पाय दिसत नाहीत आणि मान वर करून दुखते. शिवाय दोन्ही कोपऱ्यांत साऊंडचे मोठे बॉक्स असतात. लहान बाळ घेऊन त्यांच्या समोर कधीही बसू नका.

सगळ्यात चांगली जागा साऊंडवाल्याच्या टेबलाच्या पुढे-मागे, मधोमध. तो तिथे बसून आवाज जुळवतो, म्हणजे तिथे शब्द आणि वाद्यं दोन्ही नीट ऐकू येतात. ही जागा बहुधा रिकामी सापडते, कारण लोकांना ती ‘मागे’ वाटते.

म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना रांगेच्या कडेच्या खुर्च्या द्या, म्हणजे उठावं लागलं तर पंधरा गुडघ्यांवरून जावं लागत नाही. रुमाल टाकून सात खुर्च्या अडवू नका. दोनपर्यंत कोणी बोलत नाही. कानटोपी, शाल आणि खुर्चीवर घालायला एक घडीची चादर आणा. प्लॅस्टिकची खुर्ची रात्री आठनंतर बर्फासारखी गार पडते.

*तपासून घ्या:* मोबाईल सायलेंट. व्हायब्रेटवरसुद्धा नको, मांडीवरच्या पर्समध्ये तो घुमतो.

7. तिसऱ्या घंटेपासून पडद्यापर्यंत

पहिली घंटा झाली की चहा संपवा. दुसरीला खुर्चीत. तिसरीला गप्प.

नाटकातली गाणी मुलं एकतर ट्रॅकवर म्हणतात, नाहीतर पेटी-तबल्यावर. दोन्हीत त्यांचा आधार एकच असतो: सुरुवातीचे सूर. आपलं पोर विंगेतून दिसलं रे दिसलं की तुम्ही शिट्ट्या-टाळ्यांचा पाऊस पाडता, त्यात ते सूर बुडतात आणि मूल एक मात्रा उशिरा उचलतं. मग ट्रॅक पुढे आणि मूल मागे, गाणं संपेपर्यंत. पेटीवर वाजवणारे सर सांभाळून घेतील, ट्रॅक सांभाळून घेत नाही. म्हणून टाळी गाणं संपल्यावर. प्रवेशाच्या वेळी हात जोडून धरा हवे तर.

‘वन्समोअर’ तर मुळीच नको. मोठ्यांच्या नाटकात तो मान आहे. इथे आठवीतल्या मुलीने वरचा षड्ज एकदा कसाबसा लावलेला असतो, तोच पुन्हा मागणं म्हणजे तिला अडचणीत टाकणं. आणि दहाची वेळ पाळायची आहे ती वेगळीच.

मोबाईलचं सविस्तर सांगते, कारण भांडणं इथेच होतात. फ्लॅश बंद. मोबाईलचा फ्लॅश फार तर तीन-चार मीटरपर्यंत पोचतो. दहाव्या रांगेतून तो पुढच्या माणसाच्या टकलावर पडतो आणि स्टेज उलट काळं येतं. फोन आडवा धरा आणि छातीच्या उंचीवर धरा, डोक्यावर नको. स्क्रीनचा उजेड कमी करा. सुरू करायच्या आधी स्क्रीनवर मुलाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, म्हणजे उजेड तिथे पक्का होतो आणि मागचा दिवा बदलला तरी चेहरा पांढराफटक होत नाही. झूम टाळा.

साध्या फुल एचडीत एका मिनिटाचा व्हिडिओ फोनप्रमाणे साधारण साठ ते सव्वाशे एमबी जागा खातो. अख्खं नाटक घ्यायचं म्हटलं तर दहा जीबी लागतील आणि मध्येच ‘जागा शिल्लक नाही’ येईल, नेमकं आपल्या प्रवेशात. आपल्या मुलाचं एक गाणं घ्या आणि फोन खिशात टाका. बाकीचं शाळेने लावलेला शूटिंगवाला घेतोच. स्टेजच्या पुढे जाऊन वाकून शूटिंग करणारा पप्पा हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

उठायचं असेल तर अंधार होतो तेव्हा उठा. प्रवेश बदलताना दिवे जातात, पाठीमागे टेबल-खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, तेवढ्यात. पण त्या अंधारात बोलू नका. मुलं खुणेच्या चिकटपट्टीवर आपली जागा शोधत असतात आणि सर विंगेतून कुजबुजत्या आवाजात त्यांना हाकत असतात.

8. मूल अडकलं तर

अडकतं. दर नाटकात कोणीतरी अडकतं. काहीही करू नका. विंगेत प्रॉम्प्टर असतो, शेजारचं मूल असतं आणि दोघांनाही ते वाक्य पाठ असतं. तीन-चार सेकंदांत गाडी रुळावर येते. तुम्ही चौथ्या रांगेतून वाक्य ओरडून सांगितलंत की मूल तुमच्याकडे बघतं, आणि मग खरं अडकतं. टाळ्या वाजवून ‘धीर’ देऊ नका, त्याला वाटतं संपलं.

9. पडदा पडल्यावर

दोन मिनिटं बसून राहा. मुलं नमस्काराला रांगेने येतात, नावं घेतली जातात, पडद्यामागे पेटी-तबल्यावर बसलेल्यांना पुढे बोलावतात. याच वेळी अर्धा मंडप उठून विंगेकडे पळतो आणि ज्यांची नावं शेवटी असतात ती मुलं लोकांच्या पाठींना नमस्कार करतात.

मग मुलाला घ्यायला एकानेच जा, आणि सांगितलेल्या दारानेच. दरवर्षी गर्दीतून एक तरी आजी माझा हात धरून विचारते, ‘मनी आंडेर कोठे शे वं?’ म्हणजे माझी पोरगी कुठे आहे गं? समोर एकसारख्या हिरव्या लुगड्यांतल्या बारा पोरी उभ्या असतात. मी तरी काय सांगू? वर्ग आणि भूमिका सांगा, ‘सातवी ब, बाजारातली भाजीवाली’, लगेच सापडते. मूल नेताना बाईंच्या यादीत सही करा. न सांगता नेलेल्या एका मुलासाठी आम्ही मैदानभर बॅटऱ्या घेऊन हिंडलोय. तो घरी भाकरी खात होता.

फोटो घ्या, पण ड्रेसवर आइस्क्रीम देऊ नका.

10. रात्री आणि दुसऱ्या दिवशी

कितीही दमलं असलं तरी मेकअप लावून झोपवू नका. आधी पाणी मारू नका, रंग पसरतो आणि डोळ्यांत जातो. तळहातावर खोबरेल घेऊन चेहऱ्यावर हलकेच चोळा, मिनिटभर थांबा, सुती फडक्याने वरून खाली पुसा, मग साबण आणि कोमट पाणी. डिंकाने चिकटवलेली मिशी ओढू नका. कडेला तेल सोडा, आपोआप सुटते.

व्हिडिओ नातेवाईकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन धूसर होतो. यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुला टाकू नका. त्यात दुसऱ्यांची मुलं आहेत, त्यांच्या आईबापांना विचारलेलं नाही. आणि दुसरं असं की शाळेतल्या प्रयोगाला कॉपीराइट कायद्याने जी मोकळीक दिली आहे, ती शाळेच्या कामाचा भाग म्हणून झालेल्या प्रयोगापुरती; रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवायचं तर समोर विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसंच हवीत. इंटरनेटवर टाकलं की ते कुंपण गेलं. गाणं कोणाचं तरी असेल तर आवाज बंद होतो किंवा व्हिडिओ उडतो.

ड्रेस ओला असेल तर रात्रीच उलटा करून सावलीत वाळत टाका. घामाचा जरीचा झब्बा पिशवीत कोंबून ठेवला तर सकाळी जर काळी पडलेली असते. धुऊ नका, इस्त्री करू नका. तुमच्या सगळ्या पिना काढून घ्या, दुकानाच्या तशाच ठेवा. मग मोजा: फेटा, कंबरपट्टा, बाजूबंद दोन, तलवार, म्यान. म्यान हमखास राहतं. सांगितलेल्या दिवशी दुकान उघडताच जा, कारण दुपारी तोच ड्रेस दुसऱ्या शाळेच्या राजाला जायचा असतो. दुकानदारासमोर मोजून द्या, डिपॉझिट घ्या, आणि पिशवी उलटी करून झटका. आमच्या राजाच्या अर्ध्या मिशा जेवणाच्या डब्यात निघाल्या होत्या.